लाल भिंतीचे नऊ फोटो

विहीणबाई, तुमच्या मुलाला मी सांगितलं.

सांगू नका म्हणाला होतात. दीड वर्ष तोंड बंद ठेवलं. तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी उघडलं. त्यानंतर बरेच दिवस निखिल माझ्याशी बोलला नाही. मीठ माझ्या ताटापाशी असलं तरी वर्षाकडे मागायचा. मी सरकवायचे, तो घ्यायचा, आणि दोघंही आपापल्या ताटात बघायचो.

तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे. पण वर्षा हे इथल्या मंडळाच्या अंकात देणार म्हणते, आणि वाचणाऱ्यांना काहीच ठाऊक नाही. म्हणून सांगते. वर्षा माझी मुलगी, निखिल तुमचा मुलगा, आठ वर्षांची ईरा दोघींची नात. निखिल लिक्सलिप या आयरिश गावात कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, घर जवळच ॲडम्सटाउनला. तुम्ही पुण्याच्या, कॉलेजात झाडाफुलांच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या, साठीनंतर कॅमेरा घेतलेल्या. मी कराडची, चौथी पास, नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चालवलेली. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड लिहितात. तुम्हाला चहातसुद्धा गोड चालत नसे, तेव्हा आहे तसं लिहिते.

दोन हजार एकोणीसमध्ये निखिलला कारखान्याने सहा महिन्यांसाठी अमेरिकेत ॲरिझोनाला धाडलं. त्याने आपल्या दोघींना तिकडेच बोलावून घेतलं. मग बेत ठरला: गाडी घ्यायची, दोन तंबू घ्यायचे, आणि दहा दिवस डोंगर-दऱ्या बघत, तंबूत राहत फिरायचं. बेत तुमच्यासाठीच होता. तुमचा कॅमेरा, तुमचं फुलांचं वेड. मी ईराला घेऊन घरी थांबायचं, असं मला न विचारता ठरून गेलं होतं. माझी तक्रार नव्हती. चालायचं, थंडीत झोपायचं, आणि त्याला सहल म्हणायचं, हे मला पटत नव्हतंच. तुम्ही मात्र जेवता जेवता म्हणालात, इंदूबाई येणार नसतील तर मीही येत नाही. निखिलला वाटलं तुम्ही मान राखताय. मलाही तसंच वाटलं.

एका तंबूत ते तिघं, दुसऱ्यात आपण दोघी. झोपायला ती पिशवी दिली, तिची साखळी गळ्यापर्यंत ओढायची. मी म्हणाले, जन्मभर पोती भरली, आज मलाच भरतायत. तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या तंबूतून ईराने विचारलं, व्हॉट्स सो फनी. अस्वलं वासावर येतात म्हणून खाण्याचं सगळं लोखंडी पेटीत ठेवायचा नियम होता. मी चिवडा ठेवला. खोबरेल तेल आणि बाम उशाखालीच राहिले. तुम्ही अंधारात हुंगत वास कुठून येतो ते शोधून काढलंत आणि मला पिशवीतून बाहेर काढून पेटीपर्यंत चालवलंत. म्हणालात, तुमचं डोकं दुखतं म्हणून माझं अस्वलाने खायला नको. तुम्ही मुलाच्या आई म्हणून मी गेले. दुसरी कोणी असती तर मी अस्वलाची बाजू घेतली असती.

पहाटे तुम्ही कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी लावून कड्यावर उभ्या असायचात. मला शेजारी उभं करायचात. कामं दोन: हलायचं नाही, आणि म्हणाल तेव्हा पदर धरायचा. एखाद्या फुलावर ऊन जास्त पडलं की तुम्ही म्हणायचात, पदर. मी पदर धरायचे, तुम्ही गुडघ्यावर बसायचात, आणि चहा गार व्हायचा. तुमच्या त्या चार फुलांपायी मी अमेरिकेत रोज गार चहा प्यायले. मी म्हणायचे, डोळ्यांनी बघा की, त्या भोकातून काय बघता. तुम्ही म्हणायचात, डोळ्यांनी बघितलेलं तुम्हाला उद्या आठवणार आहे का. हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मला सगळं आठवतंय, हे सांगायचं राहिलं.

ब्राइस कॅन्यन नावाची जागा. खाली दरीत लाल दगडाचे सुळके, हजारो, खांद्याला खांदा लावून उभे. मी म्हणाले, एप्रिलात गिरणीवर तिखट दळायला येतं तसे ढीग दिसतायत. तुम्ही म्हणालात, तुम्हाला जगात सगळं दळलेलंच दिसतं. मी म्हणाले, आणि तुम्हाला सगळं चौकटीतलं. निखिलने दोघींना हात केला, चला, उतरूया.

आपल्याकडे गड आधी चढतात. दम लागायचा तो ताज्या पायांना, आणि नाही जमलं तर अर्ध्यातून मागे फिरता येतं. तिथे उलटं. आधी मजेत खाली दरीत जायचं, आणि सगळी चढण शेवटाला. उतरताना कोणाचं काय दुखतंय ते कळत नाही. तुम्ही तर उतरताना माझ्या पुढे होतात, झाडांची नावं सांगत होतात.

वर येताना वाट दोन उंच भिंतींच्या मधून वळणं घेत चढते. पोरं पुढे गेली. तुम्ही पहिल्या वळणावर थांबलात, कॅमेरा उचललात, भिंतीचा फोटो काढलात. दुसऱ्या वळणावर पुन्हा भिंत. तिसऱ्यावर पुन्हा. फूल नाही, पान नाही, नुसता लाल दगड. मी पदर सावरून उभी, की बोलवतील. कितव्या तरी वळणावर माझ्या लक्षात आलं की या वेळी भिंगावरचं झाकण तुम्ही काढलेलंच नाही.

मी म्हणाले, "झाकण काढा की."

तुम्ही झाकणाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. ओठ पांढरे पडले होते. बोलायला वेळ लागला. छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं म्हणालात, थांबलं की जातं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, परत गेल्यावर करायच्यात. इथे उंचीमुळे जास्त होत असेल. मी वर निखिलला हाक मारायला तोंड उघडलं, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. एवढा जोर अंगात असताना दम का लागावा, असं मला वाटलं.

"लग्नात मी तुमच्याकडून काही घेतलं नव्हतं. साडीसुद्धा नाही. आठवतंय?"

"आठवतंय."

"तो मान आज द्या. गप्प राहा."

ज्यांना यात विशेष वाटणार नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षाच्या लग्नात मुलाच्या आईला द्यायची साडी मी सहा दुकानं हिंडून आणली होती. तुम्ही हात जोडून, मला काही नको, म्हणालात. तुम्हाला तो साधेपणा वाटला. आमच्याकडच्या बायकांनी मांडवातच कुजबूज केली की साडी पसंत पडली नाही, मुलगी तरी पसंत पडली का बघा. मी ती साडी परत घेऊन आले. मुलीच्या आईच्या जिवाला असलं काही वर्षानुवर्षं लागून राहतं. मुलाच्या आईने कधी तोंड उघडून काही मागितलं, तर मी नाही म्हणणार नव्हते, आणि हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून तुम्ही त्या शब्दांत मागितलंत. इतकी शिकलेली बाई, हुंडा-मानपान न मानणारी, पण गरज पडल्यावर माझ्यावर तेच हत्यार चालवलंत. ती लबाडी मी अजून विसरलेले नाही.

पुढे म्हणालात, निखिलला कळलं तर तो उद्याच गाडी वळवेल, कॅमेरा डिकीत जाईल, मला नेऊन पुण्यात बसवेल. अजून चार जागा बघायच्या आहेत.

मी मान हलवली. बस, एवढंच झालं. त्या हलवलेल्या मानेचं ओझं नंतर दीड वर्ष वाहिलं.

वर ईरा कठड्यावर बसून पाय हलवत होती. आजी, यू आर ऑफुल स्लो, म्हणाली. निखिल कौतुकाने म्हणाला, आई एकेका दगडापाशी थांबत येते. तुम्ही हसलात. मी पाणी प्यायले.

त्या चारही जागा तुम्ही बघितल्यात. त्या दिवसापासून तुमची बॅग मी उचलायला लागले. वर्षाने विचारलं, आई, तू कशाला उचलतेस, तर तुम्ही म्हणालात, त्यांना सवय आहे पोत्यांची. सगळे हसले. मला राग आला, पण बॅगेचा नाही. एवढं होऊनही चेष्टा करायला तुमच्या अंगात दम होता, त्याचा आला. एका सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. मी म्हणाले, पीठ उडालंय. तुम्ही पोटावर आडव्या पडून त्याचा फोटो काढलात. मग मला जबरदस्तीने त्या भोकातून बघायला लावलंत. गवताच्या प्रत्येक पात्याला काटे फुटल्यासारखं दिसत होतं. गिरणीतलं पीठ इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं. चांगलं आहे, म्हणाले. तुम्ही म्हणालात, इंदूबाईंनी चांगलं म्हटलं, आता मी कॅमेरा विकला तरी चालेल. हे तुमचं देणं आहे, ते मी मानते. मी घरी बसले असते तर यातलं काही बघितलं नसतं, आणि मेल्यावरही त्याची चुटपुट लागली नसती, कारण माहीतच नसतं.

परत गेल्यावर तुम्ही तपासण्या केल्या नाहीत. फोनवर विचारलं की म्हणायचात, करते. फेब्रुवारीत ॲडम्सटाउनला आलात. मार्चच्या सुरुवातीला मी आले. आणि सगळं जग बंद झालं. विमानं नाहीत, व्हिसाची मुदत सरकारच वाढवत राहिलं. मुलीच्या घरी दोन महिने राहायचं तर मला अवघड, तिथे वर्ष काढायचं आलं. एका छोट्या खोलीत आपले दोन पलंग, मध्ये हातभर जागा. वर्षाने विचारलं, दोघींचं पटेल ना. तुम्ही म्हणालात, तंबूपेक्षा बरं आहे, इथे बामाची डबी बाहेर ठेवावी लागत नाही.

सुरुवातीला सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचंच नाही असा नियम होता. तुम्ही अडुसष्टच्या, मी बहात्तरची. तुम्ही रोज कॅमेरा घेऊन एकट्या जायला लागलात, मी खिडकीत उभी. वर्षाला वाटायचं मला बाहेर जायचंय म्हणून मी खिडकीशी असते. मी घड्याळ बघायचे. पाऊण तास झाला की मला काही सुचायचं नाही. तुम्ही आलात की मी म्हणायचे, फार वेळ लावलात. तुम्ही म्हणायचात, हंस उठत नव्हता. मे महिन्यात आम्हा म्हाताऱ्यांना सोडलं, आणि त्या दिवसापासून मी तुमच्याबरोबर. घरापासून पाच किलोमीटरची हद्द होती, त्यात कालवा बसत होता. तिथे लॉकजवळ, म्हणजे होड्या खाली-वर करायच्या लाकडी दारांपाशी, एक राखी बगळा असायचा. त्याचे तुम्ही काढलेले फोटो चांगले आहेत. तुम्ही मला न्यायचात ते सोबतीसाठी नव्हे, धरायला कोणी हवं म्हणून. मला ते कळत होतं. मी येत होते.

उन्हाळ्यात तुमचं ठीक चाललं होतं. मला वाटलं खरंच उंचीमुळे असेल. नोव्हेंबरात पुन्हा सुरू झालं. तुम्ही थांबायचात, कॅमेरा उचलायचात, आणि समोर नुसतं पाणी. किंवा नुसती भिंत. पुलाखाली एकदा मी सरळ बोलले. आज संध्याकाळी निखिलला सांगा, नाहीतर मी सांगते.

तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "आत्ता दवाखान्यात गेलेलं माणूस कोणाला दिसत नाही, इंदूबाई. आमचे हे तसेच गेले, नळ्या लावून, काचेपलीकडे. मला नाही जायचं आत."

मी म्हणाले, हे तुमचं तुम्ही ठरवलंत, पण मला का बांधलंत.

"दिलेला मान परत घेतात का?"

आपण घरी आलो, मी भाकऱ्या केल्या, तुम्ही दोन खाल्ल्या. ते बोलणं तिथेच राहिलं. आता उत्तर सुचलंय. हो, घेतात. चुकून दिला असेल तर घ्यावा. पण मी तेव्हा घेतला नाही. तुमची भीती खरी होती म्हणून घेतला नाही, की मुलाच्या आईपुढे माझी जीभ उचलत नव्हती म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मी स्वतःला सोडत नाही, आणि तुम्हालाही.

मार्चमधल्या त्या सकाळी तुम्ही लॉकपाशी थांबलात आणि कॅमेरा पाण्याकडे धरलात. बगळा नव्हता. हंस नव्हता. मी बॅग खाली ठेवली आणि तुमच्या मागे उभी राहिले, कारण मला कळलं. तुम्ही लॉकच्या लाकडी दांड्यावर बसलात आणि माझ्या अंगावर कललात. कुत्रा घेऊन चाललेल्या एका माणसाने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि स्वतःचा कोट काढून तुमच्यावर घातला. माझ्या इंग्रजीचं तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याला हार्ट, हार्ट म्हणत राहिले. तो म्हणत होता, यू आर ग्रँड, लव्ह, यू आर ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक आहे. ग्रँड काहीच नव्हतं. दुपारी तुम्ही गेलात. निखिलला दहा मिनिटं आत सोडलं होतं. काचेपलीकडे नाही, पलंगाशी होता. तेवढं तुमच्या मनासारखं झालं.

बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, काकू, तिला आधी काही जाणवलं होतं का. मी म्हणाले, मला त्यातलं काय कळतंय.

तुमच्या अंत्ययात्रेला दहाच माणसांची परवानगी होती. पण गाडी आपल्या गल्लीतून निघाली तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या दारात येऊन उभी होती, थंडीत, गप्प. इथली तशी रीत आहे. यातल्या निम्म्यांच्या बागेतल्या फुलांचे फोटो तुम्ही न विचारता काढले होतेत. समोरची म्हातारी पायरीवर रोज ब्रेड आणि सूप ठेवून जायची, सांत्वनाला सॉरी फॉर युअर ट्रबल म्हणायची आणि दारातूनच वळायची. जास्त बोलायची नाही, हे मला आवडलं. तुमच्या अस्थी भारतात न्यायला विमान नाही, म्हणून वरच्या कपाटात आहेत. कपाटाला इथली मुलं प्रेस म्हणतात. ईराने शाळेच्या कॉलवर बाईंना सांगितलं, माय आजी इज इन द प्रेस. वर्षा रडायला लागली. मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं.

तेराव्या दिवशी रविवारी कॉम्प्युटरवर सभा ठरली. इथली दुपार, पुण्याची संध्याकाळ. निखिल तुमचे फोटो निवडायला बसला. अकराव्या दिवशी सकाळी त्याने मला स्वयंपाकघरात बोलावून पडदा दाखवला. ब्राइस कॅन्यनचे फोटो होते. त्यात लाल भिंतीचे नऊ. तो म्हणाला, काकू, हे बघा, नुसती भिंत आहे, पण आईला यात काहीतरी दिसलं असणार. त्याने त्यावर पानभर लिहून ठेवलं होतं. आईची नजर, दगडातही जीव बघणारी, असं काहीसं. सभेचा शेवट त्याने करायचा ठरवला होता. मला वाचून दाखवलं.

मी उभी राहून ऐकलं. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. तुमचा शब्द ठेवायचा, तर हा पोरगा जन्मभर त्या भिंतीत तुमची नजर शोधत बसणार. मोडायचा, तर त्याला कळणार की त्याची आई त्याच्यापासून वीस पावलांवर छाती धरून उभी होती, आणि त्याने त्याचं कौतुक केलं होतं. आणि हे सांगणारी मी. ज्या घरात मी राहते, ज्याचं मीठ खाते, त्याच घरात.

खोटं वाचलेलं मला ऐकवेना. एवढंच कारण. फार विचार केला असं लिहिणार नाही.

मी म्हणाले, "ती नजर नव्हती, निखिल. तो दम होता."

मग सगळं सांगितलं. झाकण, पाटा, मनगट, साडी. नोव्हेंबरातला पूल. सांगून झाल्यावर त्याने खुर्ची ओढली आणि मला बसा म्हणून खुणावलं. म्हणाला, बाकीचे दाखवा. आम्ही तुमचे सगळे फोटो उघडले, अमेरिकेतले आणि इथले. एकेक पडद्यावर यायचा आणि मी सांगायचे, हा खरा. हा दमाचा. हा खरा, पदर मीच धरला होता, कोपऱ्यात काठ दिसतोय. हा दमाचा. दुपारपर्यंत चाललं. तो कागदावर तारखा लिहीत होता. उन्हाळ्यात दमाचे थोडे. नोव्हेंबरपासून ते वाढत गेले. शेवटच्या आठवड्यात खरा एकच होता.

त्याने पेन ठेवलं. नोव्हेंबरात सांगितलं असतं तर, एवढं म्हणाला. वाक्य पुरं केलं नाही. मी म्हणाले, कदाचित. तो उठून बाहेर गेला. वर्षा मला म्हणाली, आई, तू हे काय केलंस. मला कळलं नाही की ती सांगितल्याचं म्हणतेय की न सांगितल्याचं. मी विचारलंही नाही.

सभेत मला वाटलं तो भिंत गाळेल. नाही गाळली. शेवटी तोच फोटो लावला आणि साध्या आवाजात म्हणाला की हा फोटो आईने दम लागल्यावर थांबता यावं म्हणून काढला होता, असे तिने बरेच काढले, हे मला माहीत नव्हतं, वर्षाच्या आईला माहीत होतं. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींतून तुमचं सगळं पुणं माझ्याकडे बघत होतं. तुमच्या धाकट्या बहिणीने आवाज चालू केला. तिने ओरडून नाही विचारलं. तेच जास्त लागलं.

"तुम्ही बोलला का नाहीत हो?"

लग्नात साडी घेऊन मी तुम्हा सगळ्यांपुढे उभी होते, तशीच वाटले मला मी. मी म्हणाले, "त्यांनी मान मागितला. मी मुलीची आई. दिला." थांबले, आणि मग म्हणाले, "द्यायला नको होता."

तुमच्या बहिणीने डोळे पुसले आणि आवाज बंद केला. सभा संपली.

तुमच्यावर राग आहे का, असं वर्षाने नंतर विचारलं. आहे म्हणाले. तुम्हाला हवं ते तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत आणि निस्तरायला मला ठेवलंत. दीड वर्ष चाललात, बगळे बघितलेत, मनासारखं जगलात, हे मी नाकारत नाही. ते दीड वर्ष मी दिलं की पुढची दहा काढून घेतली, ते मला ठरवता येत नाही. डॉक्टरला विचारता येईल, पण निखिलने विचारलेलं नाही, आणि मीही विचारणार नाही. बाजूचा पलंग वर्षाने काढू का विचारलं. राहू दे म्हणाले. जागा काय अडली आहे.

तीन आठवडे निखिल गप्प होता. मी बॅग भरून ठेवली होती, म्हणजे विमानं सुरू झाली की सोपं. वर्षाने ती बघितली. मी जेवण करायचे, तो जेवायचा. तुमचा मुलगा ताटात टाकत नाही, हे एक बरं आहे. मी माफी मागितली नाही. मागून त्याला काय करायला लावायचं, माफ कर म्हणून? त्याच्यावर तेवढं एक आणखी ओझं कशाला.

परवा सकाळी ड्यूटीला निघताना तो दारात बूट घालत होता. खाली बघतच म्हणाला, "काकू, जिना चढताना तुम्हाला काही होतं का?"

मी नेहमीसारखं काही नाही म्हणणार होते. मग म्हणाले, "डाव्या गुडघ्यात कळ येते. आणि गेल्या आठवड्यात दूध आणताना धाप लागली. दोनदा."

त्याने वर बघितलं. कुठे, किती वेळ, थांबल्यावर गेली का, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्याने फोनवर लिहून घेतलं, दुसरा बूट घातला, आणि डॉक्टरची वेळ घेतो म्हणाला. दार ओढताना म्हणाला, संध्याकाळी परत विचारीन.

संध्याकाळी तो आला, हात धुतले, आणि विचारलं.